टोटल लॉस : गाडी सुरू, तरी खलास!

‘टोटल लॉस’ हा शब्द आपल्या होस्टेलमध्ये वर्षातून दोनदाच ऐकू येतो. एकदा एम-थ्रीचा निकाल लागतो तेव्हा, आणि दुसऱ्यांदा महिनाअखेरीस मेसचं बिल हातात पडतं तेव्हा. पण हा शब्द मुळात विम्याच्या धंद्यातला आहे आणि त्याला पक्की व्याख्या आहे, हे मला मेकॅनिकलला असूनही ठाऊक नव्हतं. आपल्या कुठल्याच सेमिस्टरला तो नाही. घरची गाडी गेली तेव्हा पॉलिसीचे सगळे कागद मीच वाचले. ते वाचून जे कळलं ते आपल्या पार्किंगमधल्या प्रत्येक गाडीमालकाच्या उपयोगाचं आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

गाडी कुठली, कशी?

मी इटियाडोहकडचा. “इटिया... काय?” असं विचारणाऱ्यांसाठी सांगतो. गोंदिया जिल्हा, अर्जुनी मोरगाव तालुका. तिथे गाढवी नदीवर मातीचं मोठं धरण आहे. त्याच्या पाण्यावर आमच्याकडचं आणि पुढे गडचिरोली जिल्ह्यातलं धान पिकतं. जवळच गोठणगावला तिबेटी लोकांची वसाहत आहे. बाकी जंगल, तलाव आणि रानडुकरं. एसटी येते, पण ती तिच्या मर्जीने. दवाखाना म्हटलं की अर्जुनी, मोठा दवाखाना म्हटलं की गोंदिया किंवा थेट नागपूर.

२०११ साली धानाचे चुकारे हातात आले आणि बाबांनी मारुती ८०० घेतली. आमच्या घरातली पहिली चारचाकी. मी तेव्हा दुसरीत होतो. या गाडीने काय नाही केलं? आजीला रात्री दोनला गोंदियाला नेलं, ताईच्या लग्नाचे आहेर आणले, बियाण्याच्या थैल्या वाहिल्या, पावसाळ्यात धरण बघायला आलेले सगळे पाहुणे फिरवले. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, पण बाबा तिच्याबद्दल बोलायचे ते बैलजोडीबद्दल बोलावं तसं. १९८३ च्या डिसेंबरात पहिली मारुती ८०० रस्त्यावर आली आणि २०१४ च्या जानेवारीत तिचं उत्पादन थांबलं. म्हणजे आमची गाडी तशी शेवटच्या पिढीतली.

२०२४ च्या मे महिन्यात अवकाळी वादळ आलं आणि रस्त्याकडेला उभ्या असलेल्या गाडीवर मोहाचं जुनं झाड पडलं. आत कोणी नव्हतं, हे नशीब. टप दबला, समोरची काच गेली, बॉनेट चेपलं, दरवाजे अडकले. फांद्या तोडून बाजूला केल्यावर बाबांनी खिडकीतून हात घालून किल्ली फिरवली. पहिल्याच झटक्यात इंजिन सुरू! आम्हाला वाटलं, डेंटिंग-पेंटिंगवर भागेल. आठ दिवसांनी सर्व्हेयर साहेब आले, फोटो काढले, मोजमाप घेतलं आणि म्हणाले, “ही टोटल लॉसमध्ये जाईल.”

बाबांचा प्रश्न साधा होता : “गाडी तं सुरू हाय, मंग खलास कशी?”

या प्रश्नाला दोन उत्तरं आहेत. एक आपल्या खात्यातलं, दुसरं हिशेबाचं.

उत्तर पहिलं : पत्र्याचं

जुन्या जीपला किंवा ट्रकला खाली वेगळी चासी असते. शिडीसारखी जाड फ्रेम, आणि तिच्यावर बॉडी बोल्टने बसवलेली. बॉडी चेपली तर ती उतरवून दुसरी चढवता येते. मारुती ८०० आणि आजच्या जवळपास सगळ्या छोट्या गाड्या मोनोकॉक पद्धतीच्या आहेत. त्यात वेगळी चासी नाहीच. तळ, खांब म्हणजे पिलर, आणि टप हे सगळं स्पॉट वेल्डिंगने एकमेकांना जोडून एक पेटी तयार होते आणि ती पेटीच सगळा भार पेलते. गाडी हलकी होते, पेट्रोल वाचतं, हा फायदा. पण पिलर वाकला म्हणजे नुसता पत्रा वाकला असं नाही, गाडीचा सांगाडाच वाकला. मग काचेची चौकट तिरपी होते, दरवाजा लागत नाही. वाकलेला पिलर गॅसने तापवून, ठोकून सरळ करता येतो, पण तापवलेल्या जागी पोलादाची मूळ ताकद राहत नाही. बाहेरून रंग चकाचक, आत कमजोरी. इंजिन म्हणजे गाडीचं हृदय असेल, पण आमच्या गाडीचा पाठीचा कणा मोडला होता.

उत्तर दुसरं : हिशेबाचं

आपण ज्याला ‘फुल इन्शुरन्स’ म्हणतो त्या पॅकेज पॉलिसीवर एक आकडा छापलेला असतो : आयडीव्ही, म्हणजे विमा उतरवताना जाहीर केलेली गाडीची किंमत. गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली तर कंपनी जास्तीत जास्त एवढीच रक्कम देणार. २००२ च्या जुलैपासून लागू झालेल्या भारतीय मोटार टॅरिफमध्ये हा आकडा काढण्याची पद्धत ठरवून दिली आहे. २००७ पासून कंपन्यांना स्वतःच्या गाडीच्या विम्याचे दर ठरवायची मोकळीक मिळाली, पण पॉलिसीची भाषा बव्हंशी तीच राहिली.

पद्धत अशी. त्या मॉडेलची आजची कंपनीची विक्री किंमत घ्यायची आणि वयाप्रमाणे घसारा वजा करायचा. ६ महिन्यांपर्यंत ५ टक्के, १ वर्षापर्यंत १५, २ वर्षांपर्यंत २०, ३ पर्यंत ३०, ४ पर्यंत ४० आणि ५ वर्षांपर्यंत ५० टक्के. पाच वर्षांनंतर तक्ता संपतो. त्यापुढे, किंवा मॉडेलच बंद झालं असेल तर, आयडीव्ही ठरतो मालक आणि कंपनी यांच्या आपसातल्या संमतीने. हा शब्द लक्षात ठेवा : संमतीने. तुमची सही त्यावर असते.

आता ‘टोटल लॉस’ची व्याख्या. पॉलिसीच्या अटी लावून दुरुस्तीचा (आणि गाडी उचलून आणण्याचा) खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांपेक्षा जास्त झाला, की गाडी पूर्ण निकामी धरली जाते. बस्स. इंजिन सुरू होतं की नाही, गाडी लाडकी आहे की नाही, याला त्या सूत्रात जागा नाही.

‘पॉलिसीच्या अटी लावून’ म्हणजे काय? दुरुस्तीत नवे सुटे भाग लागतात. जुन्याच्या जागी नवं मिळतं म्हणून कंपनी त्यातून घसारा कापते. रबर, प्लास्टिक, टायर, बॅटरी यांवर ५० टक्के. काचेवर काही नाही. धातूच्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे, आणि १० वर्षांपुढच्या गाडीला ५० टक्के. मजुरीवर घसारा नाही (रंगाच्या सामानावर असतो, तो इथे सोडून देऊ).

आमच्या गाडीचे आकडे सोपे करून मांडतो :

धातूचे भाग ३६,००० रुपये, कंपनीचा वाटा १८,०००.
रबर-प्लास्टिक ४,०००, कंपनीचा वाटा २,०००.
काच ३,०००, कंपनीचा वाटा ३,०००.
मजुरी व रंगकाम १५,०००, कंपनीचा वाटा १५,०००.
एकूण खर्च ५८,०००, त्यात कंपनीचा वाटा ३८,०००.

आयडीव्ही होता ४५,०००. त्याचे ७५ टक्के म्हणजे ३३,७५०. अडतीस हजार त्याच्या वर गेले, गाडी खलास.

आता गंमत बघा. हाच आयडीव्ही ६०,००० असता तर? ७५ टक्के होतात ४५,०००. अडतीस हजार त्याच्या आत. म्हणजे तेच झाड, तोच टप, तोच पिलर, पण गाडी ‘दुरुस्तीयोग्य’! मात्र पेढे वाटायची घाई नको. तेव्हा ५८ हजारांतले २० हजार आणि वरून सक्तीची वजावट (१५०० सीसीपर्यंतच्या कारला १,००० रुपये) मालकाच्या खिशातून जाणार, आणि हातात येणार ठोकून सरळ केलेला पिलर. त्यामुळे टोटल लॉस म्हणजे अन्यायच, असं नाही. तो एक सौदा आहे, आणि त्याची किंमत अपघाताच्या दिवशी ठरत नाही. ती आदल्या नूतनीकरणाच्या दिवशी ठरून गेलेली असते. माझ्या मते या सगळ्या प्रकरणाचं सार एवढंच आहे.

एका वाक्याची किंमत ९,००० रुपये

टोटल लॉस मान्य झाल्यावर हिशेब सरळ असायला हवा होता : ४५,००० वजा १,०००, म्हणजे ४४,०००. पण फोनवरून वेगळंच सांगण्यात आलं. “बाजारात या मॉडेलला एवढे येतच नाहीत, पस्तीस हजारांत मिटवून टाकू.” बाबा तयारही झाले होते. आमच्याकडे नऊ हजार म्हणजे हंगामातली रोवणीची मजुरी, पण कंपनीशी भांडणार कोण, हा प्रश्न.

मी पॉलिसीचं पुस्तक काढलं. बारीक अक्षरांत एक वाक्य आहे, त्याचा अर्थ असा : टोटल लॉसच्या दाव्यासाठी आयडीव्ही हीच पॉलिसीच्या संपूर्ण मुदतीत गाडीची बाजारकिंमत धरली जाईल, त्यातून आणखी घसारा कापला जाणार नाही. म्हणजे ‘आज बाजारात काय भाव आहे’ हा प्रश्न कंपनीने स्वतःच पॉलिसी देताना निकालात काढलेला असतो. हप्ता ४५ हजारांवर घेतला, तर दावाही ४५ हजारांवर. मी ते वाक्य जसंच्या तसं उतरवून, पॉलिसी क्रमांक घालून ई-मेल केला आणि उत्तर लेखी मागितलं. फोनवरचं बोलणं बंद झालं. तीन आठवड्यांनी ४४,००० रुपये बाबांच्या खात्यात जमा झाले.

ते झालं नसतं तर पुढचा रस्ता कोणता, हेही माहीत असू द्या. आधी कंपनीच्या तक्रार कक्षाकडे लेखी तक्रार. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल. तिथे फी नाही आणि वकील लागत नाही. त्याशिवाय ग्राहक आयोग आहेच. या सगळ्यात एकच हत्यार चालतं : कागद. आपण सबमिशनच्या फायली जेवढ्या निगुतीने करतो, तेवढी एक फाइल गाडीची करा.

पाण्यात गेलेली गाडी

आमच्याकडे झाड पडलं, पण गाड्या मोठ्या संख्येने निकामी होतात त्या पाण्याने. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. रस्त्यावर आणि सोसायट्यांच्या तळमजल्यात उभ्या असलेल्या गाड्या बुडाल्या आणि विमा कंपन्यांपुढे दाव्यांचा ढीग लागला. आपल्या विदर्भात २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला पूर आला, तेव्हा भंडाऱ्यापासून ब्रह्मपुरीपर्यंत पाणी घरांत शिरलं होतं. त्यामुळे हे काही फक्त मुंबईकरांचं दुखणं नाही.

यात मेकॅनिकलवाल्यांनी इतरांना सांगावी अशी एक गोष्ट आहे. सिलिंडरमध्ये पिस्टन हवा दाबतो, कारण हवा दाबली जाते. पाणी दाबलं जात नाही. एअर फिल्टरमधून पाणी सिलिंडरमध्ये शिरलेलं असताना स्टार्टर मारला, तर पिस्टन वर येताना पाण्यावर आपटतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. याला हायड्रोस्टॅटिक लॉक म्हणतात. पुराचं नुकसान पॅकेज पॉलिसीत येतं. पण बुडालेली गाडी सुरू करायला जाऊन इंजिन फुटलं, तर ‘हे पुराचं नुकसान नाही, नंतरचं आहे’ असा वाद कंपन्या घालतात. म्हणून नियम एकच : पाण्यातून निघालेल्या गाडीला किल्ली लावायची नाही, ओढून न्यायची. इंजिनाच्या संरक्षणाचं वेगळं जोड-कव्हर जादा हप्ता भरून मिळतं. नदीकाठच्या माणसाने ते घेतलेलं बरं.

सांगाडा देताना

पैसे ठरले की प्रश्न येतो मोडक्या गाडीचा. दोन पर्याय असतात. सांगाडा कंपनीला द्यायचा आणि पूर्ण रक्कम घ्यायची, किंवा तो स्वतःकडे ठेवायचा आणि त्याची भंगार किंमत रकमेतून वजा करून घ्यायची. आमच्या सांगाड्याला १४,००० ची बोली होती. म्हणजे ठेवला असता तर हातात ३०,००० आले असते. बाबांच्या मनात होतं की गोठ्याशेजारी उभी राहू दे. शेवटी मिस्त्रीनेच सांगितलं, “भाऊ, हिचा पिलर आता कोणाच्याच हातानं पहिल्यासारखा होत नाही.” तेव्हा डॅशबोर्डवरचा छोटा गणपती तेवढा काढून घेतला आणि गाडी दिली. आई दोन दिवस कोणाशी धड बोलली नाही.

भावना बाजूला ठेवून इथे सगळ्यात जास्त सावध राहायचं असतं. सांगाड्याबरोबर आरसी बुक आणि सही केलेले २८, २९, ३० नंबरचे फॉर्म मागितले जातात. कोऱ्या फॉर्मवर सही करून मोकळं होऊ नका. निकामी गाडीची कागदपत्रं आणि चासी नंबर चोरीच्या गाडीला चिकटवण्याचे प्रकार देशात उघडकीला आलेले आहेत. शिवाय २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट सांगितलं आहे की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तोच गाडीचा मालक. गाडी विकली असली तरी नाव बदललेलं नसेल, तर तिच्या अपघाताची भरपाई त्याच्यावर येते. म्हणून गाडी कोणाला, कोणत्या तारखेला दिली याची पावती घ्या, फॉर्मवर घेणाऱ्याचं नाव भरलेलं असू द्या आणि नाव बदललं का, ते नंतर तपासा. गाडी कायमचीच मोडीत निघत असेल, तर मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५५ प्रमाणे १४ दिवसांत आरटीओला कळवून आरसी परत करायची असते. कर्जाची गाडी असेल तर विम्याचे पैसे आधी बँकेकडे जातात, उरलं तर तुमच्याकडे.

आणखी एक फटका बसतो. दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, म्हणजे नो क्लेम बोनस, वर्षागणिक २० टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत चढतो. गाडी नुसती विकली तर ही सूट मालकाबरोबर नव्या गाडीवर नेता येते. टोटल लॉसचा दावा घेतला की ती शून्यावर. नव्या गाडीच्या हप्त्याचा अंदाज बांधताना हे धरून चाला.

दुसरी गाडी

चव्वेचाळीस हजारांत पहिल्यासारखी गाडी येत नाही. पहिल्या गाडीची जागा भरायला निघालेला माणूस नकळत तीच गाडी शोधत असतो. बाबांनीही अर्जुनी, वडसा, साकोली असं फिरून दोन जुन्या ८०० पाहिल्या. मी एकच अट घातली : १ जुलै २०१९ नंतर बनलेली गाडी घ्यायची. कारण त्या तारखेपासून प्रत्येक नव्या कारला चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली, आणि त्याच वर्षीच्या एप्रिलपासून एबीएस. आमच्या ८०० मध्ये दोन्ही नव्हतं. रानडुक्कर आडवं आलं की ब्रेक लावूनही स्टिअरिंग हातात राहणं काय असतं, ते जंगलातल्या रस्त्यावरच्या माणसालाच कळतं.

शेवटी २०१९ च्या अखेरची एक अल्टो मिळाली. वरचे पैसे धानाचे आणि थोडे मामाकडून उसने. घेताना आम्ही तपासलं ते असं : टपाच्या आणि पिलरच्या जोडावर नवं वेल्डिंग आहे का, दरवाज्यांच्या फटी दोन्ही बाजूंनी सारख्या आहेत का, चासी नंबर आरसीशी जुळतो का, आधीच्या पॉलिसीवर बोनस किती आहे. बोनस शून्य असेल तर ‘दावा कशाचा होता?’ असं सरळ विचारायचं. कारण कोणाची तरी टोटल लॉस झालेली गाडी रंगवून आपल्या गळ्यात पडू शकते. आणि जुनी गाडी घेतली की १४ दिवसांच्या आत पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यायची, नाहीतर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडतो.

आता आपलं पार्किंग

हे सगळं कारवाल्यांसाठी आहे असं समजून पान उलटू नका. आयडीव्ही आणि ७५ टक्क्यांचा नियम बाईकलाही तसाच लागू आहे. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीबरोबर पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीने मिळतो, कारला तीन वर्षांचा. त्यामुळे ‘पाच वर्षं इन्शुरन्स आहे’ असं आपल्यातले पुष्कळ पोट्टे छातीठोक सांगतात. पण थर्ड पार्टी विमा तुमच्या गाडीने झालेल्या दुसऱ्याच्या नुकसानीचा असतो. तुमच्या स्वतःच्या गाडीचा भाग बऱ्याच वेळा एकाच वर्षाचा असतो आणि तो कधीच संपून गेलेला असतो. अशा बाईकवर उद्या झाड पडलं तर एक रुपयाही मिळणार नाही.

स्टाफमधल्या ज्या सरांनी-मॅडमनी नुकतीच नवी गाडी घेतली असेल त्यांच्यासाठीही एक सूचना. आयडीव्हीमध्ये आरटीओचा कर आणि विम्याचा हप्ता धरलेला नसतो. पहिल्याच वर्षी गाडी निकामी झाली तर हा खर्च बुडतो. तो भरून देणारं ‘रिटर्न टू इनव्हॉइस’ नावाचं जोड-कव्हर असतं, त्याची चौकशी जरूर करा.

तेव्हा आज रात्री मेसमधून परत आल्यावर एवढंच करा. पॉलिसी काढा आणि तीन गोष्टी बघा : स्वतःच्या नुकसानीची मुदत कधी संपते, आयडीव्ही किती लिहिलाय आणि तेवढ्या पैशांत तशी गाडी आज मिळते का. मिळत नसेल तर पुढच्या नूतनीकरणाला एजंटशी बोला. जास्त आयडीव्हीसाठी जुन्या गाडीला पडणारा फरक काही शे रुपयांचा असतो. गाडीवरचं प्रेम कुठल्याच सूत्रात बसत नाही हे खरं, पण तिची किंमत आपल्याच सहीने ठरते. ती सही वाचून करावी, एवढंच सांगायचं होतं.